मोरीतलं गुंतवळ

रविवारी न्हाताना पाणी घोट्यापर्यंत चढलं तेव्हा कळलं, मोरी तुंबलीय. घरात लांब केसांच्या आम्ही तिघी: मी, लेक आणि सासूबाई. नवऱ्याला टक्कल, त्यामुळे त्याचं सगळं ऐकून घ्यावं लागलं.

आधी ॲसिड ओतायचा मोह झाला. पण ते फरशीच्या सांध्यातलं सिमेंट खातं, केस मात्र जसेच्या तसे. मग हातमोजे चढवले, जाळी उचकटली, नहाणी ट्रॅपमधली (जाळीखालच्या, गटाराचा वास अडवणाऱ्या भांड्यातली) उलटी वाटी काढली आणि तारेच्या हँगरचं टोक आकड्यासारखं वाकवून आत घातलं. पहिल्याच ओढीत जे आलं ते... उंदराएवढं, करडं, बुळबुळीत. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा साका होतो आणि तो केसांना धरून बसतो. वास विचारूच नका.

वाटी परत बसवायला विसरलं की गटाराचा वास आणि झुरळं वर येतात, हे मागच्या खेपेला कळलंय.

आता सासूबाईंचा नियम: आधी विंचरायचं, गुंतवळ कचऱ्यात टाकायचं, मग न्हायचं. जाळीवर मी जुन्या नायलॉनच्या मोज्याचा तुकडा ताणून बसवलाय. दर शनिवारी लेक तो काढते, चिमटीत धरून, तोंड वाकडं करत.