वेगवेगळ्या कंपन्यांची हाय-फाय उपकरणे जोडताना : माझा अनुभव

सगळी उपकरणे एकाच कंपनीची घ्यावीत, असा सल्ला मला नागपुरातल्या अनेक जाणत्या श्रोत्यांनी दिला होता. मला तो पटला नाही. एका उपकरणातून निघणारे व्होल्टेज पुढच्याला झेपते का आणि दोघांच्या इम्पिडन्सचे (ओहममध्ये मोजल्या जाणाऱ्या विद्युत अवरोधाचे) प्रमाण योग्य आहे का, एवढे प्रत्येक जोडावर तपासले, तर कंपन्यांची नावे वेगळी असल्याने काही बिघडत नाही, असे माझे मत होते आणि या जोडणीनंतर ते अधिक पक्के झाले.

माझ्याकडे एनएडी 3020 हा 1978 साली बाजारात आलेला, 20 वॅटचा इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर होता, म्हणजे आवाजाची पातळी ठरवणारा प्रीॲम्प आणि स्पीकरला ताकद देणारा पॉवर ॲम्प्लिफायर एकाच पेटीत. त्याचा आवाज मला मनापासून आवडतो. परंतु धरमपेठेतल्या आमच्या जुन्या घराचा हॉल मोठा आणि उंच छताचा असल्यामुळे तबल्याची थाप जोरात आली की त्याची ताकद अपुरी पडत असे. त्याच सुमारास मामांनी त्यांचा क्वाड 405 मला दिला. हा 1975 सालचा पॉवर ॲम्प्लिफायर 8 ओहमच्या स्पीकरला 100 वॅट देतो. पाचपट वॅट म्हणजे आवाजात साधारण 7 डेसिबलचीच वाढ. तरीही तबल्याची थाप किंवा सतारीवरचा झाला (अखेरचे द्रुत वादन) यांसारख्या क्षणिक उसळीला तेवढी मोकळीक पुरेशी ठरते. सीडी प्लेअर मरान्ट्झचा आणि स्पीकर कोलकात्याच्या सोनोडाइनचे, 8 ओहमचे होते.

एनएडीच्या मागच्या बाजूला प्रीआउट (प्रीॲम्पमधून बाहेर येणारी जोडणी) आणि मेन-इन (पॉवर ॲम्प्लिफायरमध्ये जाणारी जोडणी) यांना जोडणाऱ्या धातूच्या छोट्या कड्या असतात. त्या काढल्या की त्याचा प्रीॲम्प स्वतंत्रपणे वापरून क्वाडला जोडता येतो. क्वाडला मात्र नेहमीचे, प्रत्येक चॅनेलला एक असे आरसीए सॉकेट नसून चार पिनांचे गोल डिन सॉकेट आहे. सीताबर्डीतल्या दुकानांत पाच पिनांच्या तयार वायरी सहज मिळाल्या, पण त्या इथे उपयोगाच्या नव्हत्या. म्हणून सुटा प्लग आणून, सर्किटच्या आकृतीत पिनांची मांडणी पाहून मी वायर घरीच सोल्डर केली.

खरा विचार करावा लागला तो पातळीचा. क्वाड 405 ला पूर्ण 100 वॅटसाठी अवघे 0.5 व्होल्ट पुरतात, तर सीडी प्लेअर पूर्ण पातळीवर 2 व्होल्ट देतो. परिणामी व्हॉल्यूमची कळ जेमतेम हलवली की खोली आवाजाने भरून जाई. जुन्या पोटेन्शिओमीटरमध्ये (व्हॉल्यूमच्या कळीमागच्या बदलत्या रेझिस्टरमध्ये) सुरुवातीच्या भागात डाव्या-उजव्या चॅनेलचा समतोल राहत नाही, त्यामुळे रात्री हळू आवाजात ऐकताना गायक एका बाजूला सरकल्यासारखा वाटे. शिवाय कळीच्या पुढच्या टप्प्यातली सूक्ष्म खरखरही पूर्ण ताकदीने स्पीकरपर्यंत पोहोचत असे.

उपाय ठरवण्याआधी मी प्रीआउटचा आउटपुट इम्पिडन्स मोजला. शंभर-दोनशे हर्ट्झचा अखंड सूर लावून मल्टिमीटरवर आधी मोकळे व्होल्टेज पाहायचे आणि मग ज्ञात मूल्याचा रेझिस्टर जोडून ते किती उतरते ते पाहायचे, अशी ही साधी रीत आहे. सूर मुद्दाम खालचा घ्यावा, कारण स्वस्त मल्टिमीटर वरच्या वारंवारितेला चुकीचे आकडे दाखवतात. मिळालेला आकडा एक किलोओहमच्या बराच खाली होता आणि क्वाडचा इनपुट इम्पिडन्स 20 किलोओहम आहे. पुढच्या उपकरणाचा इनपुट इम्पिडन्स आधीच्याच्या आउटपुटच्या किमान दहापट असावा, ही अट आरामात पूर्ण होत होती. मग प्रत्येक चॅनेलच्या वायरीत 10 किलोओहमचा रेझिस्टर ओळीत आणि त्यापुढे 4.7 किलोओहमचा जमिनीकडे, असा व्होल्टेज कमी करणारा विभाजक बसवला. क्वाडचे 20 किलोओहम धरता त्यातून सुमारे 11 डेसिबल घट मिळते आणि पूर्ण शक्तीसाठी आता साधारण 1.8 व्होल्ट लागतात. काही रुपयांच्या या रेझिस्टरांनी जे साधले, ते महागड्या वायरींनी कधीच साधले नसते.

त्यानंतर राहिली ती घुमघुम. ती 50 हर्ट्झची असेल तर अर्थिंगच्या वळशाचा (उपकरणे एकाहून अधिक वाटांनी जमिनीला जोडली गेल्याचा) संशय घ्यावा आणि 100 हर्ट्झची करकरीत असेल तर पॉवर सप्लायमधले कपॅसिटर तपासावेत, असा ढोबळ नियम आहे. माझ्याकडे ती 50 ची होती आणि मे महिन्यात कूलर सुरू झाला की वाढत असे. इलेक्ट्रिशियनने सुचवले, "भाऊ, अर्थची पिन काढून टाका ना, आवाज बंद होते." आवाज बंद झालाही असता, पण क्वाडमध्ये काही बिघाड झाला तर त्याच्या धातूच्या पेटीत 230 व्होल्ट उतरू शकतात आणि त्या वेळी माणसाला वाचवणारी तीच एक पिन असते. म्हणून मी ठाम नकार दिला. एकेक वायर सोडवून पाहिली, तेव्हा सेट-टॉप बॉक्सची केबल काढताच घुमघुम थांबली. ती केबल दूर कुठेतरी वेगळ्या ठिकाणी जमिनीला जोडलेली होती आणि उन्हाळ्यात आमच्या अर्थिंगच्या खड्ड्यातली माती सुकल्याने, कूलरमधून थोडासा गळणारा विद्युतप्रवाहही घरातल्या अर्थिंगची पातळी वर उचलत होता. केबलला आयसोलेटर (जमिनीची जोडणी तोडून फक्त सिग्नल जाऊ देणारा जोड) लावला, सगळी उपकरणे एकाच बोर्डावर घेतली आणि खड्ड्यात नियमित पाणी सोडू लागलो. कूलरची गळतीही दुरुस्त करून घेतली.

रेकॉर्ड प्लेअरने काहीच त्रास दिला नाही. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचे (सुई बसवलेल्या, चुंबकावर चालणाऱ्या भागाचे) काही मिलिव्होल्ट आणि 47 किलोओहमचा भार या गोष्टी सर्व कंपन्यांनी प्रमाण मानलेल्या असल्यामुळे तो एनएडीच्या फोनो (रेकॉर्ड प्लेअरसाठीच्या) इनपुटला थेट जोडला.

क्वाडचा पुढचा भाग हाच त्याचा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) आहे, त्यामुळे नागपूरच्या उन्हाळ्यात तो बंद कपाटात ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. त्याच्या पट्ट्यांसमोर आणि वर जागा मोकळी सोडली आहे. सुरू करताना एनएडी आधी आणि क्वाड शेवटी, बंद करताना क्वाड आधी, हा क्रम घरात सर्वांना सांगून ठेवला आहे. कारण प्रीॲम्पमधून निघणारा सुरुवातीचा ठोका आता 20 ऐवजी 100 वॅटच्या ताकदीने स्पीकरच्या कोनावर आदळू शकतो.