खोबरं काढलं, तीळ आले

मसाला शेंगदाण्याच्या पाऊचचा नवा रोल छापायला जायचा होता, म्हणून आर्टवर्क तपासायला घेतलं. 200 ग्रॅमचे पाऊच, खोक्यात 24, असे 1,440 खोके अमेरिकेला जायला गोदामात तयार होते. कंटेनर दुसऱ्या दिवशी सकाळी लागणार होता. आर्टवर्क मी जुन्या लेबलाशी ताडून बघत नाही, कारण जुन्यातली चूक नव्यात जशीच्या तशी उतरते. प्रत्येक घटकाचं चालू स्पेसिफिकेशन, म्हणजे त्यात काय काय आहे याचा पुरवठादाराचा लेखी तपशील, मागवतो आणि त्याच्याशी ताडतो.

मसाल्याच्या फाईलमध्ये आवृत्ती 3 होती. मेलमध्ये शोधलं तर आवृत्ती 4 येऊन पडलेली, कोणी उघडलेली नाही. आवृत्ती 3 मध्ये ‘सुकं खोबरं 5 टक्के’ होतं, 4 मध्ये त्याच ओळीत ‘भाजलेले तीळ, पूड, 5 टक्के’. खाली ॲलर्जनच्या, म्हणजे ॲलर्जी होऊ शकणाऱ्या घटकांच्या, रकान्यात लिहिलं होतं: ‘एफएसएसएआयनुसार काही नाही’.

आणि ते खोटं नव्हतं. एफएसएसएआय या आपल्या अन्न नियामकाच्या 2020 च्या लेबलिंग नियमांतल्या ॲलर्जनच्या यादीत ग्लुटेनयुक्त धान्यं, कवचधारी जलचर, अंडी, मासे, शेंगदाणे व ट्री नट (बदाम, काजू वगैरे), सोयाबीन, दूध आणि 10 मिलिग्रॅम प्रतिकिलो किंवा जास्त सल्फाइट आहे. तीळ नाहीत. युरोपच्या 14 ॲलर्जनांत ते पूर्वीपासून आहेत. अमेरिकेत एप्रिल 2021 मध्ये ‘फास्टर’ कायदा झाला आणि 1 जानेवारी 2023 पासून तीळ तिथले नववे मुख्य ॲलर्जन ठरले. त्याआधी तिथे मसाल्यातले तीळ ‘स्पायसेस’ या एका शब्दाखाली खपून जायचे. (या कायद्याची एक गंमतही झाली. तिळाचा कणही राहणार नाही इतकी लाईन धुणं जमेना, म्हणून तिथल्या काही बेकऱ्यांनी पावात मुद्दाम थोडं तिळाचं पीठ घालून लेबलवर तीळ छापून टाकले. कायद्यात ते बसतं. तिळाची ॲलर्जी असलेल्यांचे मात्र खायचे पर्याय कमी झाले.)

कागदावर विश्वास ठेवून कंटेनर थांबवता येत नाही, म्हणून नमुने काढले. जुन्या लॉटचा राखीव नमुना आणि नवा मसाला पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी पसरला. जुन्यात खोबऱ्याचे पांढरे, तंतूसारखे तुकडे दिसत होते. नव्यात भिंगाखाली चपट्या, फिकट पिवळ्या टरफलांचे पापुद्रे, आणि पोत्याच्या आतल्या प्लास्टिकवर तेलाची झाक.

मग पट्टीची चाचणी. मसाल्याचा अर्क काढून तिळाची पट्टी बुडवली, दहा मिनिटं थांबलो. पट्टी नीट चालली हे दाखवणारी नियंत्रण रेष उमटली, तिळाची नाही. म्हणजे निगेटिव्ह. डिस्पॅचवाल्याने सुटकेचा श्वास सोडला, आणि नेमकी इथेच माणसं फसतात. या पट्ट्या पृष्ठभागावरच्या किंवा मालातल्या अंशमात्र प्रथिनासाठी बनवलेल्या असतात. प्रथिन अतोनात झालं की ते पट्टीतल्या रंगीत कणांनाही चिकटतं आणि रेषेवरच्या मोजक्या अँटिबॉडीच्या जागाही वेगळं अडवून बसतं. रंगीत कण रेषेवर अडकतच नाहीत. यालाच हुक इफेक्ट म्हणतात. काही किटमध्ये त्यासाठी वेगळी इशारा रेष असते, आमच्यात नव्हती. तोच अर्क शंभरपट पातळ करून दुसरी पट्टी बुडवली. चौथ्या मिनिटाला गडद लाल रेष आली.

कोणीतरी विचारलंच, ‘आठ टक्क्यांतले पाच टक्के, किती असणार?’ हिशोब कागदावर मांडला. मसाला शेंगदाण्यावर 8 टक्के लागतो. त्यातले 5 टक्के तीळ म्हणजे तयार मालात 0.4 टक्के. 28 ग्रॅमच्या एका वाढणीत 112 मिलिग्रॅम तीळ, त्यात प्रथिन साधारण 20 मिलिग्रॅम. एफएओ आणि डब्ल्यूएचओच्या तज्ज्ञ गटाने तिळासाठी सुचवलेली संदर्भ मात्रा 2 मिलिग्रॅम प्रथिन आहे. आपण दहापटीवर. शिवाय ती मात्रा चुकून मिसळलेल्या अंशासाठी. घटक म्हणून घातलेले तीळ कितीही कमी असोत, अमेरिकेत ते लिहावेच लागतात. ‘मे कंटेन’ (‘असू शकतं’) छापून सुटका नाही.

आता कोणती खोकी? 1,440 खोक्यांचा माल 6,912 किलो, त्याला मसाला सुमारे 553 किलो, म्हणजे 25 किलोची बावीस-तेवीस पोती. ती सगळी नव्या लॉटची निघाली. पण बॅचशीट मागे चाळल्यावर आधीच्या कंटेनरच्या शेवटच्या पाळीत नव्या लॉटचं एक पोतं उघडून वापरलेलं सापडलं. एका पोत्यात 312 किलो माल होतो. त्यातली 64 खोकी समुद्रात होती.

गोदामातला माल हा फक्त कष्टाचा प्रश्न. समुद्रातला माल मुदतीचा. एफडीएकडे, म्हणजे अमेरिकेच्या अन्न-औषध नियामकाकडे, नोंद असलेल्या कारखान्याला, गंभीर अपायाची शक्यता आहे हे कळल्यापासून चोवीस तासांत त्यांच्या रिपोर्टेबल फूड रजिस्ट्रीत कळवावं लागतं, आणि न लिहिलेलं ॲलर्जन हे त्यातलं नेहमीचं कारण. आयातदाराला त्याच संध्याकाळी बॅच नंबर, खोक्यांचे क्रमांक आणि दोन्ही स्पेसिफिकेशन लेखी पाठवली. फोनवर सांगणं पुरत नाही. माल अडवताना त्याला दाखवायला कागद लागतो.

गोदामातल्या मालाला स्टिकर. नुसता ‘कंटेन्स’च्या, म्हणजे ॲलर्जन सांगणाऱ्या, ओळीवर लावून भागणार नव्हतं, कारण घटकयादीत मालात नसलेलं खोबरं होतं आणि मालात असलेले तीळ नव्हते. घटकयादीपासून ‘कंटेन्स’पर्यंतचा पूर्ण चौकोन झाकणारा अपारदर्शक स्टिकर छापला. छोट्या लिपीतल्या इंग्रजी ‘ओ’ची उंची किमान एक सोळांश इंच, म्हणजे 1.6 मिलिमीटर लागते, आणि ‘कंटेन्स’ची अक्षरं घटकयादीहून लहान चालत नाहीत. पहिली प्रत 1.4 भरली. फॉन्ट वाढवून पुन्हा छापली.

मॅट फिल्मवर मसाल्याची धूळ बसलेली असली की स्टिकरचे कोपरे उचलतात. म्हणून आधी कोरड्या फडक्याने पुसणं, दाबून लावणं आणि अर्ध्या तासाने दर खोक्यातला एक ओढून बघणं: फाटला तर पास, अखंड सुटला तर नापास. एक माणूस मिनिटाला सहा पाऊच करतो. सोळा माणसांना 34,560 पाऊचना सहा तास, वर खोकी उघडून परत टेप मारणं. मोजून दिलेले, लावलेले आणि फाटलेले स्टिकर जुळेपर्यंत कोणाला सोडायचं नाही. पहाटे सात कमी पडले. एका रिकाम्या रोलच्या गाभ्याला चिकटलेले सापडले.

तिकडे मसाल्याचा ड्रम, स्क्रू आणि बकेट एलिव्हेटर कोरड्या पद्धतीने साफ केले. व्हॅक्यूमने, हवेच्या झोताने नव्हे. झोताने पूड फक्त दुसऱ्या यंत्रावर जाऊन बसते. नंतर मीठ फिरवून ते फेकलं आणि पृष्ठभागाची पट्टी घेतली. इथे अंशच शोधायचा होता, त्यामुळे पातळ करायची गरज नव्हती.

आवृत्ती 4 का आली हे सकाळी कळलं. खरेदी विभागाने काही महिन्यांपूर्वी पुरवठादाराला फोनवर म्हटलं होतं, ‘तुमच्या खोबऱ्यामुळे आम्हाला लेबलवर ॲलर्जन लिहावं लागतं, काही करता येईल का?’ एफडीएच्या जुन्या मार्गदर्शनात नारळ ट्री नटमध्ये मोजला जायचा, म्हणून आम्ही तो लिहीत होतो. त्या भल्या माणसाने आपल्याकडची यादी बघितली, तीळ तिथे नाहीत हे पाहिलं आणि खोबरं काढून तीळ घातले. स्वाद चांगला आला, भावही तोच ठेवला. जानेवारी 2025 च्या मार्गदर्शनात एफडीएने नारळ त्या यादीतून काढला. म्हणजे आर्टवर्कमध्ये मुळात बदलायची होती ती ‘कंटेन्स’मधून नारळ खोडण्याची एक ओळ.

आता स्पेसिफिकेशनच्या आमच्या फॉर्मवर ‘ॲलर्जन’ असा एकच रकाना नाही. भारत, अमेरिका, युरोप असे तीन आहेत आणि तिळाला स्वतंत्र हो-नाही. सही करून परत आल्याशिवाय नव्या आवृत्तीचं पोतं गोदामात उतरत नाही. खरेदीवाल्याने फॉर्म हातात घेऊन विचारलं, ‘मग खोबरं परत घालायला सांगू?’

‘सांगा,’ म्हटलं, ‘पण मेलवर.’