‘इंटरेस्ट नाही’ हा शेरा

वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला शरीररचनाशास्त्र शिकवताना ‘याला इंटरेस्टच नाही’ असा शेरा मी मनातल्या मनात कितीतरी विद्यार्थ्यांवर मारला आहे, आणि त्यातले बरेच शेरे साफ चुकले होते, हे कबूल केलेले बरे.

एका व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, मी एका विद्यार्थिनीच्या हातात मांडीचे हाड दिले. ते उजव्या बाजूचे आहे हे ओळखून तिने ते नीट धरले, मागची खडबडीत रेघ बोटाने अचूक दाखवली, पण त्या रेघेचे नाव विचारताच ती गप्प झाली. पुढे तिची वही पाहिली, तेव्हा प्रत्येक लॅटिन नावाखाली तिने स्वतःच्या लिपीत उच्चार लिहिलेला दिसला. कित्येक उच्चारांपुढे प्रश्नचिन्ह होते. चारचौघांत चुकीचे बोलून हसे करून घेण्यापेक्षा ‘येत नाही’ असे ठरलेले तिला परवडत होते. त्याच तुकडीतला डॉक्टर दांपत्याचा मुलगा हाड उलटे धरूनही बिनदिक्कत बोलत राहिला. गुण त्याला जास्त मिळाले, आणि ते देणारा मीच होतो.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली सविस्तर मांडलेल्या स्वयंनिर्णयाच्या सिद्धांतानुसार प्रेरणा किती आहे याइतकेच ती कोणत्या प्रकारची आहे हेही महत्त्वाचे असते, आणि ती टिकण्यासाठी स्वायत्तता, सक्षमतेची जाणीव व आपलेपणा या तीन गरजा भागाव्या लागतात. घरात आधी कुणीही कॉलेजची पायरी चढलेले नसले, तर यातली तिसरी गरज पहिल्याच दिवशी अडते. रॉबर्ट व्हॅलरँड व सहकाऱ्यांच्या प्रेरणामापन प्रश्नावलीत २८ विधाने आहेत; त्यांतून आंतरिक प्रेरणेचे तीन प्रकार, बाह्य प्रेरणेचे तीन आणि प्रेरणेचा अभाव असे सात भाग मोजले जातात. ‘चांगला पगार मिळावा म्हणून शिकतो’ हे उत्तर बाह्य प्रेरणेत पडते आणि आम्हा शिक्षकांना ते हलके वाटते. (पगार आम्हीही घेतो, ते सोडा.) मात्र कर्ज काढून शिकणाऱ्याने घर सावरण्याची जबाबदारी मनापासून आपली मानलेली असेल, तर ती प्रेरणा बाहेरून लादलेली उरत नाही, हे या सिद्धांतालाही मान्य आहे. उलट आईवडिलांचा दवाखाना चालवायचाच आहे म्हणून आलेल्या मुलाला सगळे आयते मिळूनही निवड मात्र स्वतःची नसते. तो अभ्यास करतो तो पुष्कळदा अपराधी वाटू नये म्हणून.

घरात डॉक्टर असलेले आणि नसलेले यांच्यातली ही दरी वैद्यकीय शिक्षणात अधिक जाणवते, कारण पारंपरिक अभ्यासक्रमात रुग्णाशी गाठ पडण्याआधी बराच काळ नुसते पाठांतर असते. ज्याने घरी डॉक्टर पाहिला आहे, त्याला हे सारे कशासाठी ते ठाऊक असते. इतरांनी ते विश्वासावर रेटायचे. म्हणून विद्यार्थ्यांना लवकर वॉर्डात न्यावे, असे माझे मत आहे.

व्हायवात मी आता आधी ‘दाखव’ म्हणतो आणि नाव नंतर विचारतो. यंदा पहिल्याच आठवड्यात सगळ्यांकडून लॅटिन नावे मोठ्याने म्हणून घेतली, तेव्हा डॉक्टरांच्या मुलांचेही उच्चार अडखळले आणि वर्ग एकदमच हसला.