लाइट गेली की गाणं

पुण्याहून सोलापूरला जाताना दौंड सुटेपर्यंत मी पिशवीतून हेडफोन काढत नाही. तोवर भेळवाले आणि जागेवरून चाललेली भांडणं ऐकण्यातच जास्त मजा. भिगवणच्या आसपास उजनीचं पाणी दिसायला लागलं की मात्र काहीतरी निवांत हवं असतं. या वेळी टॉम मिश लावला. लंडनचा हा पोरगा गिटार वाजवतो, गातो आणि बीटही स्वतःच बांधतो. २०१८ साली आलेल्या त्याच्या ‘जिऑग्राफी’ अल्बममध्ये जॅझ कुठे संपतं आणि डिस्को कुठे सुरू होतं हे शोधत बसलं की कुर्डुवाडी येते.

वाजवणारा आणि प्रोड्यूस करणारा, म्हणजे गाण्याचा सगळा आवाज जुळवून ते पक्कं करणारा, एकच, अशा लोकांचा मला नाद आहे. आपल्याकडे चाल लावणारा वेगळा, संयोजन करणारा वेगळा, ध्वनिमुद्रण तिसऱ्याकडे. त्यातून थोर गाणी झाली, वादच नाही. पण हळू आवाजातल्या गाण्याला इतके हात लागले की कुणीतरी ‘इथे जरा भरीव करा’ म्हणतोच आणि व्हायोलिनं येतात. एकट्याने बनवलेल्या गाण्यात मोकळी जागा मोकळी राहते. टोकियोचा नुजाबेस (२०१० मध्ये गेला बिचारा) जॅझच्या जुन्या तुकड्यांवर हिप-हॉपचा ठेका ठेवायचा आणि बाजूला व्हायचा. हे बाजूला होणं फार कमी जणांना जमतं.

सोलापुरात माझा एक मित्र आहे. पुण्यातली नोकरी सोडून घरी परतला आणि आता वरच्या खोलीत गाणी करतो. स्टेशनबाहेर मी रिक्षा शोधत होतो, तर मागून हाक आली, “इथं काय करूलालास बे, गाडी तिकडं लावलोय!” याचं घर पूर्व भागात, अशोक चौकाच्याही पुढे. घरात तेलुगू, शाळा मराठी, गल्लीत दखनी, आणि बाजारात गरज पडली तर कानडी. याच्या गाण्यात तीन भाषा येतात तेव्हा त्याला ‘फ्यूजन’ म्हणायची माझी हिंमत होत नाही. आईशी बोलता बोलता तो जिना चढून मित्राला फोन लावतो, तेवढ्यात तीन भाषा झालेल्या असतात.

जेवण उरकलं. कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही. त्याबद्दल लिहायला बसलो तर गाणं राहून जाईल.

वरची खोली जेमतेम दहा बाय दहा. चारही भिंतींवर सोलापुरी चादरी टांगलेल्या. शोभेसाठी नव्हे, आवाज घुमू नये म्हणून. विणीत थोडा दोष निघाला म्हणून बाजूला काढलेला माल, स्वस्तात मिळालेला. एक चादर मी उलटून पाहिली. समोरून पांढऱ्यावर लाल मोर, मागून लालवर पांढरा. दोन पदर एकत्र विणतात आणि नक्षीच्या जागी त्यांची अदलाबदल करतात, म्हणून अशी दोन्हीकडून चालते. खोलीत टाळी वाजवली तर जागच्या जागी विरली. पण जाड कापड वरचे, टोकदार आवाज शोषतं. खर्ज त्याला जुमानत नाही. आणि शेजारी टॉवेलचे यंत्रमाग. त्यांची धडधड फरशीतून वर येते आणि माइकच्या स्टँडवाटे थेट गाण्यात शिरते.

मग पठ्ठ्या गातो कधी? लाइट गेली की. शेडमधले माग थांबतात, पंखे थांबतात. लॅपटॉप बॅटरीवर चालतो आणि माइकला लागणारी वीज लॅपटॉपला जोडलेल्या छोट्या डब्यातून मिळते. भारनियमनाला दुवा देणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

मला वाटत होतं, मागाचा आवाज रेकॉर्ड करावा आणि त्यावरच ठेका बांधावा. तो मला शेडमध्ये घेऊन गेला. आत शब्दही ऐकू येत नव्हता. कामगार ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून बोलत होते. बाहेर आल्यावर म्हणाला, “हे दिवसभर ऐकणारा माणूस घरी जाऊन पुन्हा हेच ऐकंल का?” बरोबर होतं. मागाच्या तालाचं कौतुक पाहुण्यांनाच.

त्याऐवजी त्याने हलगी घेतली आहे. कडाडणारी, लग्नातली नव्हे. हलगी शेकली की कातडं ताणतं आणि आवाज टणटणीत होतो. त्याने वाजवणाऱ्या दोस्ताला ती शेकूच दिली नाही, आणि काठ्याही बाजूला ठेवायला लावल्या. सैल कातडं, नुसती बोटं. आवाज इतका खाली उतरला की आधी मला तो बेस गिटारच वाटला. त्यावर इलेक्ट्रिक पियानोचे चार सूर, आजीच्या तेलुगू अंगाईची एक ओळ आणि याचं मराठी कडवं.

बोटं जरा मागे पडतात. सॉफ्टवेअरमध्ये एक बटण दाबलं की प्रत्येक ठोका मोजून आखलेल्या रेघेवर जाऊन बसतो. त्याने ते दाबलं नाही. यातला गुरू डेट्रॉइटचा जे डिला. तो ड्रम मशीनवर बोटांनी वाजवायचा आणि ठोके पुढे-मागे पडले तर तसेच राहू द्यायचा. त्याचा ‘डोनट्स’ हा अल्बम ७ फेब्रुवारी २००६ ला आला आणि तीन दिवसांनी तो गेला. त्याचं ते यंत्र आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

संध्याकाळी ‘लिफाफा’वरून आमचं वाजलं. दिल्लीचा सूर्यकांत साहनी या नावाने एकटाच हिंदी गाणी करतो; त्याचा २०१९ चा ‘जागो’ अल्बम मला अतिशय आवडतो. मित्राचं म्हणणं, गाणी छान, पण तो स्वतःच्या आवाजाला फार लपवतो. मी म्हटलं, तेच तर भारी आहे. पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सिद्धेश्वर आणि भुईकोट किल्ला पाहिला. त्यांच्यावर पुष्कळांनी लिहिलंय.

निघताना त्याने पूर्ण गाणं ऐकवलं. मराठी कडव्यानंतर पियानो उगाच रेंगाळतो, चांगला मिनिटभर. एकट्याने सगळं केलं की हेही होतं. ‘आता पुरे’ म्हणणारा खोलीत कुणी नसतो. मी स्पष्ट सांगितलं, इथे काप. त्याने परत एकदा ऐकलं, मान हलवली आणि म्हणाला, “गायक कापू म्हणतोय बे, पण प्रोड्युसर ऐकत नाही.”