कोळ्याची शिकार

रविवार, सकाळ

पावसाने उघडीप दिल्यामुळे आज वेताळ टेकडीवर गेलो होतो. गिरिपुष्पाच्या झाडांखालच्या पाचोळ्यातून एक तपकिरी कोळी भरधाव बाहेर आला. जाळे न विणता जमिनीवर धावून किडे पकडणाऱ्यांपैकी तो असल्यामुळे एखाद्या भक्ष्याचा पाठलाग चालला असावा, असे मला वाटले. प्रत्यक्षात एक निळसर काळी गांधीलमाशी त्याच्या मागे लागली होती. पंख फडफडवत, मिशांनी जमीन चाचपत ती माग काढत होती. दगडाशी कोंडी झाल्यावर कोळ्याने पुढचे पाय उगारले, दोघांची क्षणभर अशी झोंबाझोंबी झाली की कोण कोणाला धरत आहे ते कळेना, आणि माशी बाजूला झाली तेव्हा कोळी निपचित पडला होता.

तो मेलेला नव्हता. या माशीच्या दंशाने कोळी लुळा पडतो, मरत नाही. मेला असता तर कुजला असता आणि तिच्या उपयोगाचा राहिला नसता. ती स्वतः मुख्यतः फुलांतल्या मकरंदावर जगते. शिकार फक्त मादी करते आणि तीही अळीसाठी: एक कोळी, त्याच्या पोटावर एक अंडे आणि वर मातीने बुजवलेले बीळ. अळी जिवंत कोळ्याला खाते, आणि जगण्यास अत्यावश्यक असलेले अवयव शेवटपर्यंत राखून ठेवते.

आपल्याहून जड कोळ्याला धरून ती, पलंग जिन्यावरून वर नेणाऱ्या माणसासारखी, उलट पावली ओढत निघाली. वाटेत मुंग्या दिसताच तिने तो एका झुडपाच्या बेचक्यात ठेवला आणि खाली माती उकरू लागली. एव्हाना फिरायला आलेल्या एक बाई शेजारी थांबल्या होत्या. "अहो, सोडवा ना त्याला!" त्या म्हणाल्या. मी सोडवले नाही. याच कोळ्याने काल रात्री किती किडे मारले असतील, ते पाहायला आम्ही दोघेही तिथे नव्हतो. आमची दया केवळ आमच्या येण्याच्या वेळेवर ठरली होती.

सुरवंटांना जिवंतपणी आतून खाणाऱ्या अशाच माश्यांविषयी डार्विनने १८६० साली अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना पत्रात लिहिले होते की, दयाळू ईश्वराने ही योजना हेतुपूर्वक केली असेल, असे आपल्या मनाला पटत नाही. मला मात्र त्या वेळी ईश्वर आठवला नाही. ती नेमके कुठे खणते आहे, एवढेच पाहत होतो.

सगळा प्रकार समजावून सांगितल्यावर बाई म्हणाल्या, "म्हणजे आईच की ती!" मला हे तितकेसे पटले नाही. अळी अंड्यातून बाहेर येईल तेव्हा ही तिथे नसेल. बीळ बुजवून झाले की ती पुढच्या अंड्यासाठी दुसरा कोळी शोधू लागेल.