पहिल्या रांगेतली फुंकर

जर्मनीत, श्टुटगार्टला नाटकाला जायचं तर मी मागचं स्वस्त तिकीट काढते. त्या दिवशी आयत्या वेळी पोचले आणि खिडकीवरच्या मुलीने पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची दिली. शेजारी साठीच्या घरातल्या एक बाई. मांडीवर जाडजूड फाईल, फाईलला चिमट्याने लावलेला बोटाएवढा दिवा. प्रेक्षागृहात अंधार झाला, तो दिवा लागला आणि बाईंचे ओठ हलायला लागले. आवाज नाही, नुसते ओठ. पाच मिनिटं मी स्टेजकडे बघायचं सोडून त्यांच्याकडेच बघत होते. या तर प्रॉम्प्टर, नट वाक्य विसरला की ते पुरवणाऱ्या!

मध्यंतराच्या थोडं आधी मुख्य नट थांबला. थांबणं दोन तऱ्हेचं असतं, एक भूमिकेतलं आणि एक ब्लँक झाल्याचं. ज्याने विंगेत बसून प्रॉम्प्टिंग केलंय त्याला हा फरक नटाच्या नुसत्या मानेवरूनही कळतो. बाईंनी तीन शब्द टाकले, कुजबुजत नाही, खालच्या पण स्वच्छ आवाजात. त्याने ते उचलले आणि पुढे गेला. चौथ्या रांगेला पत्ताही लागला नसेल.

मला का कळलं, तर मी हेच काम नाशिकला सहा वर्षं केलंय. आमचा हौशी ग्रुप दरवर्षी राज्य नाट्य स्पर्धेत उतरायचा. ही स्पर्धा १९५४ पासून चालू आहे आणि मराठी रंगभूमीला जेवढे नट हिने दिले तेवढे कुठल्या शाळेने दिले नसतील. आमचा प्रयोग परशुराम साईखेडकर नाट्यगृहात, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ‘पसा’त. अंक दुसरा. विंगेत उकाडा म्हणून कोणीतरी टेबलफॅन आणून ठेवलेला. संहितेच्या झेरॉक्स सुट्या. पंख्याने दोन पानं उलटली, मला कळलं नाही, आणि नायक थांबल्यावर मी इमानेइतबारे पुढच्या-पुढच्या पानावरचं वाक्य दिलं. तो बिचारा आज्ञाधारक. त्याने घेतलं, समोरचीने त्यावर उत्तर दिलं, आणि ज्या फोनमुळे अख्ख्या नाटकाचं रहस्य उलगडतं तो फोन वाजलाच नाही. बाहेर पडताना एक गृहस्थ म्हणाले, “प्रयोग फारच आशयघन होता हो!”

तर त्या बाईंना मी मध्यंतरात गाठलं. हे सगळं माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं. त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि मग स्वतःच्या कामाबद्दल बोलायला लागल्या. तिथे या कामाला ‘सुफ्लोझ’ म्हणतात. शब्द फ्रेंच, मूळ अर्थ फुंकर घालणारी. आपल्याकडे हे काम ज्याला भूमिका मिळाली नाही त्याच्या गळ्यात पडतं. त्यांच्याकडे ती नोकरी आहे. पहिल्या वाचनापासून प्रत्येक तालमीला हजर राहायचं, कोणता नट कुठे श्वास घेतो, कुठे अडखळतो, त्याच्या खुणा पेन्सिलने संहितेत करायच्या. नटांना लागू असलेला करार त्यांनाही लागू. २०२२ च्या उन्हाळ्यापर्यंत या कराराखाली किमान पगार महिना २,००० युरो होता, २०२३ च्या जानेवारीत तो २,७१५ झाला. जर्मनीच्या मानाने ही काही चैनीची रक्कम नव्हे, पण घरभाडं भरून माणूस जगतो आणि आजारी पडला तर पगार चालू राहतो.

श्टुटगार्टचं सरकारी नाट्यगृह म्हणजे ऑपेरा, बॅले आणि नाटक तिन्ही एका छत्राखाली, आणि कामाला सुमारे १,४०० माणसं. खर्चाचा सरकारी वाटा निम्मा राज्य उचलतं, निम्मा शहर. सबंध देशात अशी सरकारी पैशावर चालणारी १४० च्या आसपास नाट्यगृहं आहेत, आणि त्यांच्या उत्पन्नात तिकीटविक्री वगैरेंचा वाटा जेमतेम पाचवा हिस्सा. आपल्याकडे एकच नाटक घेऊन निर्माता गावोगाव फिरतो. तिथे नाटक जागचं हलत नाही, प्रेक्षकाने यायचं. आज एक, उद्या दुसरं, परवा ऑपेरा. सकाळी स्टेजवर तिसऱ्याच नाटकाची तालीम, दुपारी तो सेट काढायचा, संध्याकाळचा लावायचा. रोज. माझ्या डोळ्यांसमोर आमचे नेपथ्यवाले काका आले. ते एका सेटसाठी एक टेम्पो मिळवताना रडकुंडीला यायचे.

एकदा नाट्यगृह सगळ्यांना आतून बघायला खुलं होतं तेव्हा मी दिवसभर तिथे मुक्काम ठोकला. रंगाऱ्यांच्या दालनात पडदा भिंतीवर नाही, जमिनीवर पसरलेला. झाडूएवढ्या लांब दांड्याचे ब्रश घेऊन माणसं उभ्यानेच आभाळ रंगवत होती, मधूनच शिडीवर चढून लांबून बघत होती. विगच्या खोलीत एक मुलगी जाळीत आकडीने केस ओवत होती, एकेक केस, गाठ मारून. मी वीस मिनिटं उभी राहिले, तेवढ्यात कपाळावरची करंगळीएवढी कड झाली. रंगभूषेचं हे शिक्षण तीन वर्षांचं, शेवटी परीक्षा. हे सगळं बघून ‘आपल्याकडे का नाही’ हे चालू होतंच डोक्यात. ते परदेशातल्या प्रत्येक मराठी माणसाच्या डोक्यात चोवीस तास चालू असतं, त्याचं विशेष काही नाही.

हे सगळं तिथल्या सरकारला एक दिवस सुचलं, असं मात्र नाही. जर्मनी एक देश होण्याआधी तिथे डझनावारी संस्थानं होती आणि जो तो राजा आपल्या पदरी नाटकमंडळी बाळगायचा. वायमारसारख्या चिमुकल्या गावातलं दरबारी थिएटर १७९१ पासून पुढे पंचवीसेक वर्षं खुद्द महाकवी ग्योटेने चालवलं. त्याच वर्षी शाकुंतल जर्मनमध्ये आलं आणि ग्योटे त्यावर लुब्ध झाला. त्याच्या ‘फाउस्ट’ नाटकाच्या सुरुवातीचा नाट्यगृहातला प्रवेश शाकुंतलाच्या प्रस्तावनेवरून सुचला, असं अभ्यासक मानतात. नाशिकच्या शालिमारला कालिदास कलामंदिरावरून रिक्षाने जाताना मला हे हटकून आठवतं. त्याच वायमारचा पगारी दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ १९७० नंतर पुन्हा पुन्हा भारतात आला, विजया मेहतांबरोबर त्याने मराठीत जर्मन नाटककार ब्रेख्त उभा केला. महिनोन्महिने परदेशी जाऊन तालमी घेणं त्याला जमलं, कारण मागे एक संस्था होती.

राजांचं झालं, पण मला जास्त आवडते ती बर्लिनच्या कामगारांची गोष्ट. १८९० मध्ये त्यांनी ‘फोल्क्सब्यूने’ म्हणजे लोकांचा रंगमंच काढला. सेन्सॉर कडक होता, म्हणून प्रयोग फक्त सभासदांसाठी. सगळ्यांना तिकीट एकाच दराचं आणि कोण कुठे बसणार ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं! ज्याच्या नशिबी पुढची रांग, तो त्या दिवशी राजा. पुढे याच लोकांच्या पै-पैच्या वर्गणीतून १९१४ मध्ये स्वतःचं नाट्यगृह उभं राहिलं, आणि ते आजही चालू आहे. नाट्यगृहचालकांची संघटना १८४६ ची, नटांची आणि रंगमंच कामगारांची १८७१ ची. रंगभूमीवरच्या लोकांच्या पेन्शनची संस्था १९२५ ची. हे ऐकल्यावर नाशिककराच्या मनात ‘नटसम्राट’ येणारच. कुसुमाग्रजांच्या त्या म्हाताऱ्याला पेन्शन असती तर? काही नाही, त्याने तीही मुलांत वाटून टाकली असती.

सगळं गोडगोड आहे असं समजू नका. नटाचा करार वर्षाचा. पुढच्या हंगामाला तुम्ही नकोत, हे साधारणपणे ३१ ऑक्टोबरपर्यंत कळवावं लागतं, त्यामुळे तिथल्या नटांचा ऑक्टोबर कसा जातो ते विचारू नका. पंधरा वर्षं एका ठिकाणी काढली की मग काढता येत नाही. म्हणून चौदाव्या वर्षी निरोप देण्याची चलाखीही चालते. सुताराची आणि लाईटवाल्याची नोकरी पक्की, राजाचं काम करणाऱ्याची कच्ची. सुफ्लोझबाईही या कच्च्यांतल्याच. शिवाय पैसा सरकारचा म्हणजे कात्रीही सरकारची. बर्लिनने २०२५ साठी सांस्कृतिक खर्चातून सुमारे १३ कोटी युरो कापले. आमच्या श्टुटगार्टला १९१२ चं ऑपेरागृह दुरुस्त करायचंय, त्याचा आकडा शंभर कोटी युरोच्या आसपास गेल्यापासून गावात दोन तट पडलेत. (१९१२ म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्माचं साल. असे योगायोग जुळवायचा मला नाद आहे.) आणि प्रेक्षागृहात मागून बघावं तर पांढऱ्या केसांचं शेत. वर्षाचं तिकीट काढून त्याच खुर्चीवर बसणारे आजी-आजोबा. कुणी हसलं तर लोक वळून बघतात.

हसायचं तर मी खेड्यात जाते. आमच्या भागात हिवाळ्यात गावोगावच्या क्रीडा मंडळांचे, गायन मंडळांचे लोक बोलीभाषेत फार्स बसवतात. नट कोण, तर खाटीक, बँकेतली कॅशियर, अग्निशमन दलातला पोरगा. गावच्या हॉलमध्ये लांब टेबलं, बटाट्याचं सॅलड, बिअर, आणि एन्ट्रीला टाळ्या. तिथल्या छापील पत्रिकेत प्रॉम्प्टरचं नाव नटांच्या लगेच खाली असतं. मी ती पत्रिका जपून ठेवली आणि या डिसेंबरात नाशिकला येताना बॅगेत टाकली. सोबत चिमट्याचा तसाच एक दिवा, बॅटरीवरचा.

आल्याच्या तिसऱ्या दिवशी ग्रुपची तालीम गाठली. शाळेचा हॉल, रात्री साडेआठ. शाळा सुटल्याशिवाय बाकं सरकवता येत नाहीत म्हणून ती वेळ. सातपूरच्या शिफ्टवरून आलेला नायक डबा खात खात पाठांतर करत होता. काका आता सत्तर पार. अंबडच्या कारखान्यात फिटर होते, निवृत्त झाले. ग्रुपच्या लेव्हल्स, म्हणजे स्टेजवर उंची करायचे लाकडी चौथरे, त्यांच्या जिन्याखाली, पडदे माळ्यावर, आणि काकू गेली तीस वर्षं ‘हे घर आहे की गोदाम’ म्हणत सगळ्यांना चहा देतात. नवीन पोरं प्रॉम्प्टिंगला बसत नाहीत, त्यामुळे हल्ली तेही काकाच करतात, मोबाईलच्या टॉर्चवर रुमाल बांधून.

मी पत्रिका दाखवली, दिवा दिला आणि उत्साहात सगळं सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकलं.

“चौदाशे माणसं?”

“हो काका.”

“सगळी पगारी?”

“हो.”

“आणि त्यातलं एक माणूस फक्त वाक्यं द्यायला.” त्यांनी मान हलवली. “बरंय.”

मग म्हणाले, “आपल्याकडेही संस्था आहेत गं. पसा आहे ते सार्वजनिक वाचनालयामुळे, ते १८४० चं. वाचनालयाने नाट्यगृह चालवायचं, असं तुझ्या जर्मनीत आहे का कुठे? कालिदास महापालिकेचं. लोकहितवादी मंडळ १९५० पासून नाटकं करतंय. तात्यासाहेब शिरवाडकर गेले, वसंतराव कानेटकर गेले, तरी नाटक चाललंच ना. जागा आहेत, स्पर्धा आहे, सादरीकरणाचा थोडाफार खर्चही मिळतो. नाही ते माणसाचं. भिंतीला पैसे मिळतात, माणसाला मिळत नाहीत. हा पोरगा उद्या पुण्याला बदलून गेला की माझं नाटक बंद.”

मी यावर काही बोलले नाही. या वर्षी वर्गणी माणशी दोन हजार होती. मी सुट्टीवर आलेली म्हणून माझ्याकडून पाच घेतले, आणि मी तक्रार केली नाही. खरं सांगायचं तर श्टुटगार्टला कराच्या रूपाने मी याहून कितीतरी जास्त देत असेन, पण तिथे कोणी मला तालमीला बसवून काकूंच्या हातचा चहा पाजत नाही. कुठलं बरं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. सुफ्लोझबाईंची पेन्शन काकांना मिळावी असं वाटतं, आणि काकांच्या हॉलमधला तो गोंधळ त्या शिस्तशीर नाट्यगृहात न्यावा असंही.

तालीम सुरू झाली. दुसऱ्या अंकात नायक थांबला. काकांनी दिव्याखाली बोट फिरवलं आणि वाक्य दिलं, बरोबर पानावरचं. माझ्याकडे मुद्दाम बघितलं. पुढचे दोन प्रवेश मीच फाईल घेऊन बसले.

काल रात्री त्यांचा मेसेज आला: ‘दिवा छान आहे. उजेड पिवळा पडतो, पेन्सिलीच्या खुणा नीट दिसत नाहीत.’

मी लिहिलं, पेनाने करा ना मग.

‘पेनाने कसं करणार? वाक्यं अजून बदलतायत.’