मोटर चालू असताना मोजलंस काय?

सकाळी आठला फोन वाजला तेव्हा मी व्हॅनच्या मागच्या दाराशी चहा उकळत होतो. पलीकडे एक वयस्कर बाई होत्या. त्यांच्या मोटरहोमचं, म्हणजे फिरत्या घराचं, ऑनिंग (दाराबाहेर उघडणारं कापडी छप्पर) आदल्या संध्याकाळी आत घेताना अर्ध्यावर थांबलं होतं. दुपारनंतर वाऱ्याचा इशारा होता, ताशी 45 मैलांपर्यंतचे झोत. "आणि माझा नवरा आत्ता शिडीवर चढलाय," त्या म्हणाल्या. चहा तसाच ओतून दिला आणि निघालो.

मी राहतो फिनिक्सजवळ, पण जानेवारी-फेब्रुवारी माझा मुक्काम क्वार्ट्झसाइटला असतो. ॲरिझोनाच्या पश्चिम टोकाला, वाळवंटातलं छोटंसं गाव. थंडीत उत्तरेकडच्या राज्यांतले आणि कॅनडातले निवृत्त लोक आपापली फिरती घरं घेऊन इथे उतरतात. गावाभोवतीच्या सरकारी माळावर नजर जाईल तिथवर पांढरी छपरं दिसतात. नळ नाही, वीज नाही; सगळा कारभार बॅटरी, सोलर आणि जनरेटरवर. माझ्यासारख्या फिरत्या मेकॅनिकला हे दोन महिने म्हणजे सुगी. गावच्या दफनभूमीत एक दगडी पिरॅमिड आहे, वर धातूचा उंट. 1850 च्या दशकात अमेरिकी लष्कराने वाळवंटात उंटांचा प्रयोग केला, तेव्हा उंट हाकायला आणलेल्या हाजी अलीची ती कबर. इथल्या लोकांना नाव उच्चारता येईना, म्हणून त्याचं 'हाय जॉली' झालं. हाजी अली म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मुंबईचा दर्गा येतो, म्हणून पहिल्यांदा ती पाटी वाचली तेव्हा मी बराच वेळ तिथे उभा राहिलो होतो.

पोचलो तर आजोबा खरंच शिडीवर. 34 फुटी गाडी, दाराच्या बाजूला 16 फूट लांबीचं ऑनिंग. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हे कापडी छप्पर एका लांब नळीवर गुंडाळलेलं असतं. नळीच्या एका टोकात 12 व्होल्टची मोटर. बटण एकीकडे दाबलं की नळी फिरते आणि कापड बाहेर जातं, दुसरीकडे दाबलं की तारांचे प्लस-मायनस उलटतात आणि तीच मोटर उलटी फिरून कापड गुंडाळते. दोन्ही बाजूंना दुमडणारे हात, आणि प्रत्येक हातात गॅसचा दांडा, मोटारीच्या डिकीचं झाकण वर धरतो तसाच. हे दांडे सतत हातांना बाहेर ढकलत असतात, म्हणून कापड ताणलेलं राहतं.

आजोबांच्या हातात पाना होता. मोटरच्या टोपणाचे दोन स्क्रू होते, त्यांतला एक काढून त्यांनी खिशात टाकला होता. दुसरा अर्धा बाहेर आला होता. आणि ते स्वतः नळीच्या बरोबर समोर उभे.

माझ्या पोटात गोळा आला. ऑनिंग पूर्ण बाहेर असतं तर एवढी भीती नव्हती. अर्ध्यावर अडकलेलं असताना दांडे दाबलेले असतात आणि त्यांना नुसतं कापड रोखून धरत असतं. कापडाला नळीने धरलेलं, नळीला मोटरच्या गिअरने. मोटर काढली की नळी मोकळी सुटते आणि दोन्ही हात 16 फुटी नळी घेऊन क्षणात समोर झेपावतात. शिडीवरचा माणूस नेमका त्यांच्या वाटेत.

ओरडलो असतो तर ते दचकून वळले असते. मी शिडीला हात लावून हळू म्हणालो, "पाना तसाच राहू द्या. हात काढून घ्या आणि माझ्या बाजूने खाली या." ते आले. मी व्हॅनमधून पट्टे आणले, सामान आवळायचे असतात तसे, आणि ऑनिंगचे दोन्ही हात गाडीच्या अंगाला दोन-दोन पट्ट्यांनी आवळून बांधले. मग सुटा स्क्रू परत बसवला. आजोबा चाळीस वर्षं शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करत होते, हे नंतर कळलं. हाताला काम माहीत होतं, फक्त हा दांडा काय करू शकतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. हा इशारा पुस्तिकेत असतो, पण सेकंडहँड गाडीबरोबर पुस्तिका येतेच असं नाही. तुमच्याकडे असं ऑनिंग असेल तर बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका: हात बांधल्याशिवाय मोटरला पाना लावायचा नाही.

आता दुखणं शोधायचं. किल्ली बंद, हँडब्रेक ओढलेला. बऱ्याच मोटरहोममध्ये इंजिनाची किल्ली चालू असली तर ऑनिंग मुद्दाम बंद ठेवलेलं असतं, त्यामुळे ते आधी बघायचं. 15 अँपिअरचा फ्यूज शाबूत. बॅटरी 12.6 व्होल्ट, उत्तम. काही बनावटींत मोटरच्या टोकाला ड्रिल लावून कापड गुंडाळता येतं, हिच्यात ती सोय नव्हती. मग मोटरजवळचा कनेक्टर सोडवला, आजींना आतून बटण दाबायला सांगितलं आणि मीटर लावला. 12.5 व्होल्ट.

"वीज इथवर पोचतेय. मोटर गेली," मी म्हणालो.

"मी पण तेच म्हणत होतो," आजोबा म्हणाले.

नवी मोटर व्हॅनमध्ये होती. साडेतीनशे डॉलर आणि माझी मजुरी. आजींनी पर्स आणायला आत पाऊल टाकलं. मी मोटरचा खोका उचलला आणि जाता जाता, उगाच बोलायचं म्हणून, विचारलं, "बाहेर जाताना पण अडकायचं का हो?"

"छे, बाहेर झकास जातं. आत येतानाच रडतं. आठवडाभर हळू हळू येत होतं, काल थांबलंच."

खोका खाली ठेवला. मेलेली मोटर दिशा बघून मरत नाही. बाहेर जाताना दांडेच ढकलतात, मोटरने फक्त सोडत जायचं. आत येताना त्याच दांड्यांना दाबत, कापड ताणून ओढायचं. खरं काम एकाच दिशेला. म्हणजे मोटर जिवंत असेल आणि तिला पुरेसं खायला मिळत नसेल, तरी अगदी असंच दिसेल.

माझे वडील इचलकरंजीत मोटर रिवाइंडिंग करायचे. पॉवरलूमच्या मोटरी यायच्या, पण उन्हाळ्यात जास्त यायच्या त्या पंचगंगेकाठच्या उसाच्या पंपांच्या. शेतकरी टेम्पोतून मोटर उतरवायचा आणि म्हणायचा, "जळाली बघा, कॉइल भरून द्या." वडील मोटरला हात लावण्याआधी विचारायचे, "केबल किती फुटांची? जोड किती? आणि व्होल्टेज बघितलंस ते मोटर चालू असताना बघितलंस काय?" बहुतेकांनी मोटर बंद असतानाच बघितलेलं असायचं. मग ते सांगायचे, "कॉइल भरून देतो, पर जोड नीट केल्याबिगर पुन्हा लावू नको. आठ दिवसांत परत आणशील." दहा वर्षांचा असताना हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. आणि त्या सकाळी मी मोटर सोडवून, रिकाम्या तारांवर व्होल्टेज मोजलं होतं.

कनेक्टर परत जोडला, मीटरच्या सुया मागून खुपसल्या, हात बांधलेलेच ठेवून बटण दाबायला सांगितलं. 7.2 व्होल्ट. तारेभोवती लावून प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर म्हणाला 9 अँपिअर. बॅटरी तेव्हाही 12.4 वर ठाम होती. मधल्या वाटेत पाच व्होल्ट गायब.

खराब जोडाचं असंच असतं. प्रवाह नसताना तो व्होल्टेज अडवतच नाही. मीटरला लागतो कणभर प्रवाह, तो निवांत पलीकडे जातो आणि आकडा पूर्ण दिसतो. मोटरने 9 अँपिअर मागितले की मगच जोडाचं पितळ उघडं पडतं. अर्ध्या ओहमचा अडथळा म्हणजे एरवी काहीच नाही, पण 9 अँपिअरच्या हिशेबाने तिथेच साडेचार व्होल्ट खर्च होतात.

आता कुठे, एवढाच प्रश्न. लांब वायर घेतली, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं मीटरमधून मोटरच्या मायनस तारेला. चांगल्या तारेत, मोटर चालू असताना, जेमतेम अर्धा व्होल्ट दिसावा. दिसले 4.4. प्लसच्या बाजूला 0.8, स्विच धरून, म्हणजे तिकडे ठीक. मग मायनसची तार धरून मागे मागे येत गेलो. हाताच्या खांद्याशी, जिथे तार भिंतीतून बाहेर येते, तिथे सीलंट भेगाळलेलं होतं. खरवडून तार ओढली तर आत एक जोड निघाला, कुठल्यातरी आधीच्या दुरुस्तीतला, साधा निळ्या प्लॅस्टिकचा. बोटाला चटका बसेल इतका गरम. जोडावरचं प्लॅस्टिक कापलं तर तार कळकलेली. पितळेच्या भांड्यात ताक राहिल्यावर धरतो तोच हिरवा कळंक. काही पदर तुटलेले, उरलेल्यांची पूड.

कापत गेलो. पहिल्या इंचावर तांबं काळं, दुसऱ्या इंचावर काळं, तिसऱ्यावर कुठे लख्ख लाल दिसलं. पाणी आवरणाच्या आत तारेच्या पदरांतून चढत जातं, त्यामुळे नुसता जोड बदलून भागत नाही, चांगलं तांबं लागेपर्यंत मागे जावं लागतं. जाड तारेचा नवा तुकडा, आत गोंद असलेल्या नळीचे दोन जोड, गरम हवेने आवळलेले, खाली झुकतं वळण दिलं म्हणजे थेंब जोडाकडे न जाता वळणावरून गळेल. वर नवं सीलंट. सगळं मिळून दीड तास.

पुन्हा मोजलं: मोटरवर, चालू असताना, 11.3. पट्टे एकेक करून सैल केले, सगळ्यांना बाजूला उभं केलं आणि बटण दाबलं. नळी एकसारख्या आवाजात फिरत आली आणि खोबणीत जाऊन बसली. आजींनी टाळी वाजवली. आजोबांनी टाळी वाजवली नाही, त्यांनी मीटर मागितला आणि म्हणाले, "मला परत दाखव. हळू."

मग आम्ही तासभर तेच केलं, ऑनिंग थोडं बाहेर, थोडं आत, त्यांच्या हातात मीटर. बोलता बोलता बाकीचंही निघालं. कापड ओलं गुंडाळावं लागलं तर एक-दोन दिवसांत उघडून वाळवायचं, नाहीतर बुरशी धरते. सांध्यांना तेल नको, वाळवंटातली धूळ त्यात बसून घासते. कोरडं सिलिकॉन वापरा. पावसाच्या शक्यतेत एक हात नेहमी खाली झुकवून ठेवा. एवढ्या छपरावर एक सेंटीमीटर पाणी साचलं तर जवळपास 120 किलो वजन होतं, आणि ते कापडावर नाही, हातांच्या सांध्यांवर येतं. वाऱ्यावर लक्ष ठेवणारा सेन्सर असला तरी त्याच्या भरवशावर ऑनिंग उघडं टाकून बाजारात जायचं नाही. सेन्सर मोटरला आत घेण्याचा फक्त हुकूम देतो. तारच कळकलेली असेल तर मोटर काय करणार?

वारा तीनच्या सुमाराला आला. क्षितिज आधी पिवळं झालं, मग डोंगर दिसेनासे झाले. माझ्या व्हॅनच्या काचेवर खडे वाजत होते. माळावर दोन ठिकाणी ऑनिंगं उलटून छपरावर गेलेली दिसली. त्या लोकांकडे मी दुसऱ्या दिवशी गेलो. एकाच्या हाताचा सांधाच फाटला होता, तिथे नव्याशिवाय इलाज नव्हता.

त्या रात्री झोप लागेना. व्हॅनच्या खालच्या कप्प्यात मी बदललेल्या जुन्या मोटरी असतात, भंगारात द्यायच्या म्हणून. दोन होत्या. वारा पडल्यावर पहाटे दोन्ही बाहेर काढल्या. नुसती फिरली म्हणून मोटर चांगली, असं आता म्हणायचं नव्हतं. शाफ्टला दोरी गुंडाळली, दोरीला वीस लिटर पाण्याचा कॅन बांधला आणि थेट बॅटरीवर लावली. पहिली गुरगुरली आणि थांबली, ती खरोखरच गेलेली. दुसरीने कॅन न थांबता वर उचलला.

तिच्यावर मी चिकटवलेली चिठ्ठी होती, नोव्हेंबरची तारीख आणि गिऱ्हाईकाचं नाव. नवी मोटर बसवल्यावर त्यांचं ऑनिंग चाललं होतं, कारण ती बसवताना तारा ओढल्या, कनेक्टर हलवला, तेव्हा जोड तात्पुरता बरा लागला असणार. तो जोड अजून त्यांच्या भिंतीत आहे, तसाच.

सात वाजल्यावर फोन केला. ते युमा गावात होते. मी सांगितलं की मोटरचे पैसे परत देतोय, आणि तुमची तार मला पुन्हा बघायचीय, तोवर ऑनिंग उघडू नका.

"अरे, पण ते चालतंय ना," ते म्हणाले.

"आत येताना हळू येतं का?"

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "रविवारी ये."